आगोटीआधीची एक बेगमी: घरच्या छोट्या संगणकावरून रोजचा क्लाउड बॅकअप

मे महिना अर्धा सरला की कोकणात आगोटीची, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडाची, बेगमी सुरू होते. कौलं चाळून होतात, लाकडं पडवीत रचली जातात, सुक्या मासळीचे डबे भरतात. या यादीत आता घरातल्या डेटाचंही नाव असायला हवं. आंब्याच्या पेट्यांची गिऱ्हाइकं, होमस्टेची नोंदवही, काजू युनिटचं टॅली, सातबारे आणि फेरफारांचे स्कॅन, जुनी खरेदीखतं, घरातल्या लग्नाबारशांचे फोटो. बहुतेक घरांत हे सगळं एका लॅपटॉपवर असतं, आणि त्याची एकुलती एक प्रत त्याच टेबलावरच्या एक्स्टर्नल डिस्कवर. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळाने रायगड आणि उत्तर रत्नागिरीतली छपरं उडवली. २२ जुलै २०२१ ला चिपळूण आणि महाडच्या बाजारपेठांचे तळमजले बुडाले. अशा वेळी लॅपटॉप आणि डिस्क एकाच पाण्यात जातात. म्हणून एक प्रत या किनाऱ्यापासून लांब, कुणाच्या तरी डेटासेंटरमध्ये रोज जायला हवी.

क्लाउड बॅकअप लावणं हे एका संध्याकाळचं काम आहे. मुंबई-पुण्यात तेवढ्यावर भागतंही. आपल्याकडे खरं काम पुढचं असतं. लाइट जाते, मग नेट जातं, डिस्क सैल होते, घड्याळ मागे पडतं, आणि बॅकअप गुपचूप बंद पडतो. ते कळतं चार महिन्यांनी, फाइल हवी असते तेव्हा. त्यामुळे या लेखातला अर्ध्याहून जास्त भाग दोनच गोष्टींवर आहे: बॅकअप कोलमडला तर तो आपला आपण उभा कसा राहील, आणि नाहीच राहिला तर आपल्याला ते कसं कळेल.

कमांड आणि सेटिंगची नावं इथे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. मशीनवर ती अर्थातच इंग्रजीत टाइप करायची.

मशीन

रास्पबेरी पाय ४ हा एकाच पाटीवरचा छोटा संगणक, २ किंवा ४ जीबी रॅमचा, पुरेसा आहे. एसएसडीसकट तो सरासरी ६ वॉट खातो असं धरलं तर महिन्याला साधारण साडेचार युनिटं होतात. चोवीस तास चालू ठेवायला हरकत नाही. आता पुढे त्याला नुसतं रास्पबेरी म्हणतो.

पॉवर सप्लाय ५ व्होल्ट ३ अँपिअरचाच घ्या. मोबाइलच्या चार्जरवर तो चालू होतो, पण डिस्क फिरायला लागली की व्होल्टेज खाली येतं. ते ४.६३ व्होल्टच्या खाली गेलं की रास्पबेरी अंडर-व्होल्टेजची नोंद करतो. 'व्हीसीजेनसीएमडी गेट-थ्रॉटल्ड' ही कमांड दिल्यावर उत्तरात शून्याशिवाय काहीही आलं, तर कधीतरी व्होल्टेज तुटलं आहे किंवा मशीन तापलं आहे. आधी ते शोधा, बॅकअपचं नंतर बघू. रास्पबेरी ४ चे चारही यूएसबी पोर्ट मिळून १.२ अँपिअरच देतात. फिरत्या तबकडीची २.५ इंची डिस्क सुरू होताना एकटीच जवळपास १ अँपिअर ओढते. म्हणून एसएसडी लावा, नाहीतर स्वतःचा सप्लाय असलेला यूएसबी हब.

ऑपरेटिंग सिस्टम मेमरी कार्डावर ठेवू नका, एसएसडीवरून बूट करा. मेमरी कार्ड लिहीत असताना लाइट गेली तर अर्धवट लिहिलेल्या फाइलवर भागत नाही. कार्डाच्या आतल्या कंट्रोलरची स्वतःची नोंद बिघडते, आणि मग ज्या फायलींना कुणी हातही लावला नव्हता त्याही जातात. कार्डच वापरायचं असेल तर सीसीटीव्हीसाठी मिळणारं हाय-एंड्युरन्स कार्ड घ्या आणि दुसरं तसंच तयार करून ड्रॉवरमध्ये ठेवा.

घरात जुना लॅपटॉप पडून असेल तर मी तोच वापरा म्हणेन. त्याची बॅटरी अर्धा तास जरी टिकत असली तरी तो फुकटचा यूपीएस आहे, आणि त्याला स्वतःचं घड्याळ असतं. लिनक्स टाका, झाकण मिटल्यावर झोपू नये म्हणून 'हँडल लिड स्विच' हे सेटिंग 'इग्नोर' करा. बॅटरी फुगलेली दिसली तर मात्र ती काढूनच टाका. डेस्कटॉप किंवा मिनी पीसी असेल तर बायोसमध्ये लाइट आल्यावर आपोआप सुरू होण्याचं सेटिंग असतं, ते चालू करा. रास्पबेरीला ते लागत नाही, करंट आला की तो उठतो.

नेट वायरनेच द्या. जांभ्या दगडाच्या जाड भिंतीतून वायफाय मरतं. ओटीवरच्या राउटरचा सिग्नल माजघरात एखादी काडी दाखवतो, आणि रात्रभर चालणाऱ्या अपलोडला ती पुरत नाही.

आरक्लोन की रेस्टिक

या कामाची दोन मोफत हत्यारं आहेत. आरक्लोन फायली जशाच्या तशा क्लाउडवर नेतं, सत्तरएक सेवांशी त्याचं जमतं. रेस्टिक फायलींचे तुकडे करतं, तुकडे एन्क्रिप्ट करून (पासवर्डशिवाय वाचता येणार नाहीत असे करून) १६ एमबीच्या आसपासच्या गाठोड्यांत बांधतं आणि रोजचा एक स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणी सगळं जसं होतं तशी नोंद, ठेवतं. आधी गेलेला तुकडा पुन्हा जात नाही.

कोकणासाठी रेस्टिक. कारण गाठोड्याच्या आकारात आहे. लग्नाचा १२ जीबीचा एक व्हिडिओ घ्या. तुमचा अपलोड ४ एमबीपीएस असेल तर सेकंदाला अर्धा एमबी, तासाला १.८ जीबी, म्हणजे या एका फाइलला ६ तास ४० मिनिटं. आरक्लोनमध्ये सहाव्या तासाला लाइट गेली तर ती फाइल पुन्हा पहिल्यापासून. जूनमध्ये सलग पावणेसात तास लाइट आणि नेट दोन्ही टिकेल अशी रात्र मिळेपर्यंत तो व्हिडिओ वर जाणारच नाही. रेस्टिकमध्ये तीच लाइट गेली तर नुकतीच गेलेली, अजून सूचीत न चढलेली गाठोडी फुकट जातात. बाकीचं वरच राहतं. पुढच्या वेळी रेस्टिक डिस्क पुन्हा वाचतं, पण अपलोड उरलेलंच करतं.

दुसरं कारण रॅन्समवेअर, म्हणजे फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस, आणि चुकीची बोटं. आरक्लोनची 'कॉपी' क्लाउडवरची फाइल पुसत नाही हे खरं, पण बदललेली फाइल जुन्या फाइलच्या जागी बसवते. टॅलीचा डेटा आज बिघडला तर उद्या क्लाउडवरही बिघडलेलाच. स्नॅपशॉट असले की मागच्या मंगळवारचा उघडता येतो.

साठवणीची जागा. सगळं मिळून १५ जीबीच्या आत असेल तर गूगल ड्राइव्हवर भागेल. रेस्टिक तिथे आरक्लोनमार्फत पोचतं. त्यासाठी वेगळं गूगल खातं काढा. ती १५ जीबी जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो यांत सामायिक असते, बॅकअपने ती भरली तर तुमचे मेल यायचे बंद होतील. ड्राइव्हवर पुसलेली फाइल कचरापेटीत ३० दिवस जागा धरून बसते, हेही हिशेबात धरा.

गूगलबरोबर एक खड्डा असा आहे की त्यात जवळपास प्रत्येक जण पडतो. आरक्लोनला स्वतःचा क्लायंट आयडी, म्हणजे गूगलकडे ॲपची ओळख, काढून द्यावा हे बरोबरच, सामायिक आयडीवर गर्दी असते. पण गूगलच्या कन्सोलवर ते ॲप 'टेस्टिंग' या अवस्थेत राहिलं तर मिळालेली परवानगी ७ दिवसांत संपते. आठवडाभर सगळं छान चालतं आणि आठव्या दिवशी 'इनव्हॅलिड ग्रँट' म्हणून बंद. लोक पुन्हा लॉगिन करतात, पुन्हा आठवडा चालतं. पब्लिशिंग स्टेटस 'प्रॉडक्शन' करा आणि त्यानंतर एकदा नव्याने परवानगी घ्या.

१५ जीबीच्या वर असेल तर ड्राइव्हची जागा विकत घेण्यापेक्षा मला बॅकब्लेझ बी२ ही क्लाउड साठवण बरी वाटते. पहिले १० जीबी मोफत, त्यापुढे १ टीबीला महिन्याला ६ डॉलर हा दर ऑक्टोबर २०२३ मध्ये आला. त्या हिशेबाने १८० जीबीला महिन्याला एक डॉलरच्या आसपास. तिथे बॅकअपसाठी जी चावी काढाल तिला फक्त एकाच बकेटचा (साठवणीच्या कप्प्याचा) अधिकार द्या आणि पुसण्याचा अधिकार देऊ नका. मग रेस्टिकला जे काढायचं असतं ते ते नुसतं लपवतं, आणि बकेटच्या नियमाने लपवलेलं ३० दिवसांनी जातं. घरातलं मशीन कुणी ताब्यात घेतलं तरी महिनाभर जुनं सगळं परत आणता येतं. परदेशी सेवेचं बिल भारतीय कार्डावर दर महिन्याला आपोआप वळतं होईलच असं नाही. ऑटो-डेबिटचे नियम २०२१ पासून कडक आहेत. बिलाचे मेल अशा पत्त्यावर येऊ द्यात जो घरातलं कोणीतरी रोज उघडतं.

पहिला अपलोड पावसाआधी

पहिल्या वेळी सगळंच जायचं असतं, म्हणून तो हिशेब आधी करा. स्पीड टेस्टमध्ये अपलोडचा आकडा बघा, डाउनलोडचा नाही. तो एमबीपीएसमध्ये, म्हणजे बिटमध्ये असतो. त्याला ८ ने भागलं की सेकंदाचे एमबी. अपलोड २० एमबीपीएस असेल तर सेकंदाला २.५ एमबी, तासाला ९ जीबी. त्यातला निम्मा घरच्यांसाठी सोडला आणि रात्री ११ ते सकाळी ६ एवढंच चालवलं तर रात्रीला साधारण ३१ जीबी. १८० जीबीला सहा रात्री. हे काम एप्रिलमध्ये उरकलं की मिरगानंतर रोजचा नवा डेटा तेवढा उरतो, आणि तो अर्ध्या तासाचं काम असतो.

वेग बांधताना आकड्याची गफलत होते. आरक्लोनच्या 'बीडब्ल्यू-लिमिट'मध्ये 'वन एम' लिहिलं तर तो सेकंदाला १ मेगाबाइट, म्हणजे आठ-साडेआठ एमबीपीएस. ४ एमबीपीएसच्या लाइनवर ही मर्यादा असून नसल्यासारखी. तिथे २५६के लिहा, ते साधारण २ एमबीपीएस. याच सेटिंगला वेळापत्रक देता येतं: सकाळी ६ पासून २५६के, रात्री ११ पासून मोकळं. रेस्टिकला स्वतःचं वेळापत्रक नाही, पण ते आरक्लोनमार्फत जात असेल तर 'आरक्लोन बीडब्ल्यू-लिमिट' हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल लावला की काम होतं. गणपतीत याचा उपयोग कळतो. चाकरमानी आलेले असतात, वाडीतलं नेट दिवसभर तुंबलेलं असतं, आणि तेव्हाच सगळ्यांचे फोटो येऊन पडतात.

डेटाचे दोन संच करा. एक 'कागद': टॅली, एक्सेल, स्कॅन, सगळं मिळून एक-दोन जीबी. दुसरा 'फोटो'. कागद आधी जाऊ दे, दिवसातून दोनदा. फायबर तुटून मोबाइलच्या हॉटस्पॉटवर यायची वेळ आली तर फक्त कागद चालवायचे, नाहीतर दिवसाचा डेटा पॅक फोटोच खाऊन टाकतील.

टॅली उघडं असताना त्याच्या फायली उचलू नका. काही फायली आधीच्या क्षणाच्या, काही नंतरच्या, अशी प्रत होते आणि ती उघडत नाही. टॅलीचा स्वतःचा बॅकअप संध्याकाळी बॅकअपच्या मशीनवरच्या शेअर्ड फोल्डरमध्ये टाकायचा आणि रेस्टिकने तो न्यायचा. फोनवरचे फोटो सिंकथिंगने (दोन ठिकाणची फोल्डरं सारखी ठेवणारं ॲप) घरच्या मशीनवर येतात, पण फोनवर पुसलं की इकडेही पुसलं जातं. म्हणून त्या फोल्डरला फाइल-व्हर्जनिंग, म्हणजे जुन्या प्रती राखणं, चालू ठेवा.

रिकाम्या डिस्कचा बॅकअप

या सगळ्या व्यवस्थेतली सर्वांत घातक चूक ही आहे.

समजा, डेटाची डिस्क 'एमएनटी' खाली 'डेटा' या फोल्डरवर माउंट होते, म्हणजे तिच्यातलं सगळं त्या फोल्डरमध्ये दिसतं. एका रात्री लाइट जाते-येते, केबल जरा हललेली असते, आणि मशीन उठल्यावर डिस्क दिसत नाही. 'डेटा' हे फोल्डर मात्र जागेवर असतं. ते मूळ सिस्टमचं रिकामं फोल्डर आहे, त्यावर डिस्क बसायची. अडीच वाजता बॅकअप उठतो, फोल्डर उघडतो, आत काही नाही.

आरक्लोनची 'सिंक' चालवत असाल तर तिचं काम इकडचं-तिकडचं सारखं करणं हे आहे. इकडे काही नाही, म्हणून ती क्लाउडवरचं सगळं पुसते. तिच्या दृष्टीने कोणतीही चूक झालेली नसते. रेस्टिक पुसत नाही, पण रिकामा स्नॅपशॉट घेतं आणि यशस्वी म्हणून ० कोड देतं. तुम्हाला 'बॅकअप झाला' असा निरोप येतो. असे चौदा दिवस गेले आणि रोजचे चौदाच स्नॅपशॉट ठेवायचा नियम असला, तर सगळे रोजचे स्नॅपशॉट रिकामे. साप्ताहिक आणि मासिक ठेवले असतील तरच जुनं हाताशी राहतं. तिसरी गोष्ट, या काळात शेअर्ड फोल्डरमध्ये आलेल्या फायली त्या रिकाम्या फोल्डरमध्ये, म्हणजे सिस्टमच्या डिस्कवर साठतात. पुढे डेटाची डिस्क बसली की त्या तिच्याखाली झाकल्या जातात, आणि घरात 'फाइल टाकली होती, गेली कुठे' सुरू होतं.

याला तीन अडसर लावायचे, तिन्ही एकदाच. डिस्क माउंट नसताना त्या रिकाम्या फोल्डरला 'सीएचॲटर प्लस आय' द्या, मग तिथे रूट वापरकर्त्यालाही काही लिहिता येत नाही. डिस्कवर एक खुणेची रिकामी फाइल ठेवा. बॅकअप चालवणाऱ्या स्क्रिप्टची (कमांडच्या यादीची) पहिली ओळ 'माउंटपॉइंट' कमांडने डिस्क बसली आहे का ते बघते, दुसरी खुणेची फाइल आहे का ते. दोन्हींतलं एक जरी नसलं तरी स्क्रिप्ट तिथेच चुकीचा कोड देऊन थांबते. सिंकथिंगही हीच युक्ती वापरतं, फोल्डरमधली त्याची खूण दिसली नाही की काम थांबवतं. तिसरा अडसर 'एफएसटॅब'मध्ये, म्हणजे बूट होताना कोणती डिस्क कुठे बसवायची त्या यादीत: डिस्कचं नाव न लिहिता यूयूआयडी (तिचा कायमचा ओळखक्रमांक) लिहा आणि पुढे 'नोफेल' जोडा. नाहीतर डिस्क नसताना मशीन बूटच होत नाही, इमर्जन्सी मोडमध्ये अडकतं, आणि तुम्ही मुंबईत असाल तर ते तुम्हाला दिसतही नाही.

आरक्लोनची सिंक वापरायचीच असेल तर 'मॅक्स-डिलीट' ५० ठेवा. पन्नास फायली पुसल्यावर ती चूक म्हणून थांबते. त्या पन्नास मात्र गेलेल्या असतात.

लाइट येते तेव्हा

वेळ लावायला बहुतेक लोक क्रॉन वापरतात. क्रॉनला अडीच म्हणजे अडीच. अडीचला मशीन बंद असेल तर त्या दिवशीचा बॅकअप नाहीच. त्याऐवजी लिनक्समधलाच सिस्टमडी टायमर लावा आणि त्यात 'पर्सिस्टंट' हे 'ट्रू' करा. चुकलेली वेळ त्याच्या लक्षात असते आणि मशीन उठलं की तो काम सुरू करतो. आधीचं काम चालू असताना तो दुसरं सुरू करत नाही. क्रॉनमध्ये त्यासाठी 'एफ-लॉक' लावावं लागतं.

एक रात्र जवळून बघू. २.२८ ला लाइट गेली, इन्व्हर्टर नाही, त्यामुळे अडीचचा बॅकअप सुरूच झाला नाही. सकाळी ११.४० ला लाइट आली. रास्पबेरी अर्ध्या-पाऊण मिनिटात उठला. फायबरच्या डब्याला दोन-तीन मिनिटं लागतात, आणि गावातल्या नेटवाल्याचा स्विच अजून बंदच असेल तर नेट दुपारी येईल. टायमर मात्र लगेच बॅकअप सुरू करतो आणि तो पडतो, कारण नेट नाही. इथे काही लावलेलं नसेल तर पुढचा प्रयत्न थेट दुसऱ्या रात्री.

म्हणून टायमर जी चालवतो त्या सर्व्हिस फाइलमध्ये 'रीस्टार्ट' हे 'ऑन-फेल्युअर' आणि 'रीस्टार्ट-सेक' १५ मिनिटं ठेवा. नेट येईपर्यंत दर पंधरा मिनिटांनी प्रयत्न होत राहील. रेस्टिकचा ३ हा कोड यातून वगळा. त्याचा अर्थ स्नॅपशॉट झाला, पण काही फायली वाचता आल्या नाहीत. त्यावर पुन्हा पुन्हा धावून उपयोग नसतो, परवानगी बिघडलेली असते किंवा डिस्क खराब होत चाललेली असते. तो कोड आला तर त्याच दिवशी लॉग वाचा.

आता घड्याळ. रास्पबेरी ४ मध्ये बॅटरीवर चालणारं घड्याळ नाही. तो शेवटची नोंदलेली वेळ उचलतो आणि तिथून पुढे मोजतो. वरच्या उदाहरणात ११.४० ला त्याच्या मते अडीचच वाजत आलेत. नेट आलं की वेळ जुळते, पण त्या मधल्या काळात सुरू झालेलं काम चुकीच्या वेळेने चालतं. एस३ पद्धतीच्या (ॲमेझॉनच्या साठवणीसारख्या) सेवा १५ मिनिटांपेक्षा जास्त फरक असलेली विनंती नाकारतात, स्नॅपशॉटवर चुकीची तारीख पडते, आणि कधीकधी सर्टिफिकेट अजून लागू झालेलं नाही अशी कोड्यात टाकणारी चूक येते. सर्व्हिसमध्ये 'आफ्टर'पुढे 'टाइम-सिंक टार्गेट' लिहा आणि 'सिस्टमडी टाइम-वेट-सिंक' ही सेवा चालू करा. किंवा डीएस३२३१ हे घड्याळाचं छोटं मॉड्यूल बसवा. ते ३.३ व्होल्टच्या पिनवरच लावा. बाजारातल्या बऱ्याच मॉड्यूलवर सेल चार्ज करायचं सर्किट असतं, आणि साधा सीआर२०३२ सेल घालून ५ व्होल्ट दिले तर न चार्ज होणारा सेल चार्ज व्हायला बघतो. रास्पबेरी ५ मध्ये घड्याळ आहे, पण त्याची बॅटरी वेगळी घ्यावी लागते.

अचानक बंद पडलेलं रेस्टिक मागे एक लॉक सोडून जातं. रोजचा बॅकअप त्याने अडत नाही, म्हणून ते कुणाच्या लक्षात येत नाही. अडते ती साफसफाई. 'फर्गेट' (जुने स्नॅपशॉट काढणं) आणि 'प्रून' (त्यांचा नको झालेला डेटा काढणं) यांना पूर्ण ताबा लागतो, ते 'रिपॉझिटरी (क्लाउडवरचा साठा) लॉक आहे' म्हणून परततात आणि क्लाउडवरची जागा भरत जाते. स्क्रिप्टमध्ये साफसफाईच्या आधी 'रेस्टिक अनलॉक' ठेवा. ते फक्त मेलेली लॉकं काढतं, चालू कामाचं काढत नाही. मी रोजचे १४, आठवड्याचे ८ आणि महिन्याचे १२ स्नॅपशॉट ठेवा म्हणेन, आणि प्रून फक्त रविवारी. त्यात गाठोडी उतरवून पुन्हा चढवली जातात, रोज ते परवडत नाही.

इन्व्हर्टर असेल तर रास्पबेरी, राउटर आणि फायबरचा डबा तिन्ही त्यावर हवेत. फक्त मशीन जागं ठेवून काही साधत नाही. इन्व्हर्टरच्या मागे यूपीएस मोडचा खटका असतो, तो यूपीएसवर करा, नाहीतर लाइट बदलतानाच्या झटक्यात मशीन रीस्टार्ट होऊ शकतं.

बंद पडलं हे कळणार कसं

चूक झाली की मेल पाठवणारी स्क्रिप्ट आपल्याकडे निरुपयोगी आहे. मशीनच बंद असेल, नेटच नसेल, तर मेल पाठवणार कोण? उलटं करायचं. बॅकअप ० कोडने पूर्ण झाला की स्क्रिप्टने एका बाहेरच्या सेवेला 'झालं' एवढी हाक द्यायची. ठरलेल्या वेळेत हाक आली नाही की ती सेवा तुम्हाला कळवते. हेल्थचेक्स ही सेवा हेच करते, मोफत खातं पुरतं, टेलिग्रामवरही निरोप येतो.

मुदत एक दिवसाची आणि वर सवलत आणखी एका दिवसाची ठेवा. सवलत दोन तासांची ठेवलीत तर जुलैत रोज निरोप येईल आणि आठवड्यात तुम्ही तो न वाचता सरकवायला लागाल. दोन दिवस हाक नाही, म्हणजे खरंच उठून बघायला हवं. निरोप गावातल्या एकासह मुंबई-पुण्यातल्या एका नातेवाइकालाही जाऊ दे. गावाचं नेटच गेलं असेल तेव्हा तो फोन करून विचारू शकतो.

हाक द्यायच्या आधी स्क्रिप्टमध्ये आणखी एक तपासणी घाला: आजच्या स्नॅपशॉटमधल्या फायलींची संख्या कालच्या निम्म्याहून कमी तर नाही ना? असेल तर हाक द्यायची नाही.

पासवर्डचा कागद

रेस्टिकचा पासवर्ड हरवला की डेटा गेला. 'फरगॉट पासवर्ड' नाही, कंपनीलाही उघडता येत नाही. मशीनवर तो ६०० परवानगीच्या फाइलमध्ये असतो, आणि मशीन पाण्यात गेलं की तीही गेली. म्हणून कागद. त्यावर रेस्टिकचा पासवर्ड, रिपॉझिटरीचा पूर्ण पत्ता, क्लाउड खात्याचं लॉगिन आणि बी२ ची चावी. खातं गूगलचं असेल तर त्याचे १० बॅकअप कोडही. पुरात फोनही गेला तर ओटीपी येणार कुठे, याचं उत्तर तेच कोड आहेत. बॉलपेनने लिहा, जेलपेनची शाई ओलीने पसरते. एक प्रत घरात झिपच्या पिशवीत, दुसरी घाटावर किंवा मुंबईत विश्वासाच्या माणसाच्या कपाटात.

वर्षातून दोनदा, पाडव्याला आणि दिवाळीला, त्या दुसऱ्या कागदावरून परत आणून बघा. घरच्या मशीनवर नको, तिथे सगळं आधीच जुळवलेलं असतं. मुंबईतल्या लॅपटॉपवर रेस्टिक टाका, फक्त कागदावर आहे तेवढंच वापरा, आणि सहा महिन्यांपूर्वीच्या स्नॅपशॉटमधून टॅलीचा एक बॅकअप, एक स्कॅन आणि एक व्हिडिओ उतरवून प्रत्यक्ष उघडा. कागदावर काय लिहायचं राहिलं ते पहिल्या दहा मिनिटांत कळतं. सगळं परत आणायची वेळ आली तर १८० जीबीला ५० एमबीपीएसच्या लाइनवर आठ तास लागतात, हे माहीत असलेलं बरं. दर महिन्याला 'रेस्टिक चेक'मध्ये ५ टक्के डेटा प्रत्यक्ष वाचायला सांगा.

ओल, मीठ, मुंग्या, वीज

मशीन माळ्यावर ठेवू नका. मे महिन्यात पत्र्याखाली किंवा कौलांखाली तिथे भट्टी असते, आणि रास्पबेरी ८० अंशांपासून स्वतःचा वेग कमी करायला लागतो. जमिनीवरही नको. माजघरातली छातीच्या वरची फळी चांगली. पुराच्या पट्ट्यात असाल तर वरचा मजला. डबा हवाबंद करू नका, पण भोकांना बारीक जाळी लावा, मुंग्या आणि पाली दोघींना गरम जागा आवडते.

खाऱ्या हवेने यूएसबीच्या आतल्या पत्र्यांवर हिरवट थर चढतो. डिस्क मधेच गायब होते, केबल हलवली की येते, हे त्याचं लक्षण. लॉगमध्ये यूएसबी सुटल्याच्या आणि पुन्हा जोडल्याच्या ओळी दिसतात. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने पोर्ट आणि प्लग दोन्ही पुसा, पूर्ण सुकू द्या. मिरगाआधी एकदा आणि दसऱ्याच्या सुमारास एकदा.

जांभ्याच्या कातळावर अर्थिंग नीट लागत नाही, उन्हाळ्यात तर खड्डा कोरडा ठणठणीत. अर्थिंग नसताना सर्ज प्रोटेक्टर वीज कुठे सोडणार? मेमध्ये इलेक्ट्रिशियनकडून ते मोजून घ्या. वळीव आणि परतीच्या पावसात विजा जवळ यायला लागल्या की मशीन नीट शटडाउन करून प्लग काढा, आणि दुसऱ्या इमारतीतून येणारी तांब्याची लॅन केबलही काढा. झाडावरून लोंबत येणाऱ्या फायबरलाही बऱ्याचदा आधाराची स्टीलची तार असते. मळभ सरल्यावर सगळं परत जोडायचं आणि बटण दाबायचं. चुकलेला बॅकअप टायमर आपणहून भरून काढतो.